प्लॅस्टिकची विमानं, खोक्यावरची चित्रं आणि आपण : अनुभव लिहा

दुसरं_गेट_टिळकवाडी

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगडला मिग-२१ ला निरोप दिला ना, ते टीव्हीवर बघता बघता माझा चहा गार झाला. १९६३ पासून आपल्या हवाई दलात असलेलं विमान. बायको म्हणाली, एवढं डोळ्यात पाणी कशाला, तुम्ही काय हवाई दलात होतात? नव्हतो. खरं सातवीत असताना ते विमान मी एका कागदावर पाहिलं होतं आणि तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे.

१९७७ साल. बेळगावच्या कॅम्पात एक रद्दीवाला होता. लष्करातल्या साहेबांच्या बंगल्यांतली इंग्रजी मासिकं, पोरांची चित्रांची साप्ताहिकं त्याच्याकडे किलोनं यायची. आम्हाला तो चार आण्याला एक द्यायचा. मला इंग्रजी वाचता यायचं नाही, मी आधी मागचं पान उलटून बघायचो. तिथं एका विलायती कंपनीची जाहिरात, सुटे भाग जोडून करायच्या प्लॅस्टिकच्या विमानांच्या किटची. काळंनिळं आभाळ, त्यात आडवं झालेलं स्पिटफायर हे ब्रिटिशांचं लढाऊ विमान, पंखातून निघणाऱ्या नारिंगी ठिणग्या. खाली छोट्या चौकटींत बाकीची विमानं, त्यात ते मिग, टोकदार नाकाचं. आणि कोपऱ्यात टेबलावर वाकलेला एक मुलगा, माझ्याच वयाचा, हातात अर्धं जोडलेलं विमान, मागं त्याचे वडील. सगळ्यात खाली ठिपक्यांची चौकट आणि त्यावर एवढुशी कात्री काढलेली. म्हणजे कापून पाठवायचं कूपन.

माझे वडील पोस्टात सॉर्टिंगला होते. रात्री जेवण झाल्यावर ते पान त्यांच्यापुढं ठेवलं. ते म्हणाले, परदेशात पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, ती आपल्याला मिळायची नाही. खरं उत्तराचं तिकीट पाठवता येतं. आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन म्हणून एक प्रकार पोस्टात मिळायचा. ते पत्रासोबत धाडलं की समोरचा माणूस आपल्या देशात ते देऊन परतीची तिकिटं घेतो. किट नको, नुसतं माहितीपत्रक पाठवा, असं वडिलांनी त्यांच्या त्या पोस्टाच्या इंग्रजीत लिहिलं आणि दोघांनी मिळून पाकीट बंद केलं.

पुढचं नंतर लिहितो, नातू उठला. तोवर तुमचं सांगा. कुणी असलं काही जोडलंय का? नुसत्या जाहिराती बघून दिवस काढलेत का? किट हातात आलं नसलं तरी चालेल.

शहापूर_माग

आमच्या घरात किट नव्हतं, मागावरचा धोटा होता. वापरून झिजलेला धोटा म्हणजे विमान, कांडी म्हणजे बॉम्ब. आज्जी ओरडायची. बास.

निपाणीकर_७१

बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लॅस्टिकचे प्राणी यायचे ते कुणाला आठवतात काय? हत्ती, हरीण, मासा, नखाएवढे. आमच्या घरात पेस्ट संपायच्या आत दुसरी आणा म्हणून मी रडायचो. आई म्हणायची, दात घासायला पेस्ट लागते का वाघ लागतो? माझ्याकडे बावीस होते. हीच आमची जाहिरात आणि हाच आमचा छंद.

विमान म्हणाल तर मी आइस्क्रीमच्या काड्यांचं केलं होतं. त्यावर चिन्हं पाहिजेत म्हणून विडी बंडलाची लेबलं चिकटवली. निपाणीत लेबलांना काय तोटा. आई विड्या वळायची, घरात लेबलांची चळत असायची. माझ्या विमानाच्या दोन्ही पंखांवर मिशीवाला माणूस होता.

सांबरा_क्वार्टर्स

टिळकवाडी काका, अंगावर काटा आला वाचून. माझे वडील सांबऱ्याला एअरमन ट्रेनिंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर होते, मी तिथंच वाढलो. बदली आली की सामान पॅक व्हायचं, त्यात एक चपलांचा खोका फक्त माझ्या विमानांचा. आई त्याच्यावर मोठ्या अक्षरात ‘काच’ असं लिहायची म्हणजे हमाल नीट उचलतील.

वडिलांनी मला किटच्या १/७२ या मापाचा अर्थ सांगितला तो अजून विसरलो नाही. दारात उभे राहिले आणि म्हणाले, सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. मी सहा फुटांचा आहे असं समज. त्या मापात मी बरोबर एक इंचाचा. मग पायलटच्या खुर्चीजवळ बोट ठेवून म्हणाले, आता मी इथं बसू शकतो. ते मला कायमचं समजलं. स्पिटफायरच्या पंखांचा पसारा सव्वाअकरा मीटर, म्हणजे मॉडेल साडेपंधरा सेंटिमीटरचं. मिगचे पंख सात मीटरच्या जरा वर, म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटर, तळहातावर मावतं. हे मापही उगंच आलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कुठलं, शत्रूचं कुठलं हे नुसत्या आकारावरून ओळखायला शिकवायचे, त्यासाठी काळ्या रंगाची मॉडेलं याच मापात करायचे.

मी केलेलं पहिलं विमान नॅट, छोटं लढाऊ विमान. खोक्यावर ते ब्रिटिशांच्या कसरतीच्या तुकडीच्या लाल रंगात होतं. मला तसं नको होतं. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर निर्मलजीतसिंग सेखों एकटे ज्या नॅटमधून भिडले ते मला पाहिजे होतं. हवाई दलातले एकमेव परमवीरचक्र. मग लाल प्लॅस्टिकवर एनॅमल रंगाचे दोन हात, तरी कडेला लाल दिसायचंच. पंखावरचं गोल चिन्ह हातानं रंगवलं. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. कंपासपेटीतल्या कर्कटकाला सुई बांधून. तीन रात्री लागल्या.

खानापूर_तांबडीमाती

@सांबरा_क्वार्टर्स, ‘काच’ वाचून हसले आणि मग रडू आलं. आई लोकांचं हे असंच असतं.

माझं सांगते. पोळ्या लाटत लाटत लिहितेय, चुका पोटात घाला. माझे मामा बोटीवर होते. वास्कोहून रेल्वेनं लोंढ्याला आणि तिथनं खानापूरला यायचे. एका मे महिन्यात दादासाठी मोठा खोका आणला. शिडाचं जहाज. खोक्यावर असा समुद्र खवळलेला की बघताना तोंडावर पाणी उडतंय असं वाटावं. उघडलं तर आत नुसत्या तपकिरी काड्या आणि तुकडे, झाडाच्या फांद्यांसारखे जोडलेले. दादाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं होतं जहाज येणार. मामा म्हणाले, जहाज तू करायचंस, कंपनीनं लाकडं दिली आहेत.

दादानं दोन दिवस केलं आणि नंतर क्रिकेट. पुढचं सगळं मी केलं. दोरखंडाला आईच्या शिवणाचा दोरा घेतला, मेणबत्तीवरनं ओढून. मेण लागलं की दोऱ्याची लव बसते आणि तो ताठ राहतो. एकेका डोलकाठीला सात सात दोरे. गाठ मारायला आजोबांचा चिमटा. मी दहा वर्षांची होते.

खरं त्या खोक्याच्या बाजूला कंपनीची दुसरी चित्रं होती ना, सगळीकडे मुलगा आणि बाबा. मुलगी कुठं असलीच तर मागं उभी राहून बघतेय. मी ते चित्र खूप वेळा बघितलं. शेवटी दादाच्या निळ्या पेनानं त्या मुलाला दोन वेण्या काढल्या. जहाज मोडलं, खोक्याचं ते झाकण अजून आहे माझ्याकडे.

हुक्केरी_ऊस

वेण्या 👏👏 ताई तुम्ही मानाच्या

काकतीकर

खोक्यावरच्या चित्रांचा विषय निघालाय म्हणून लिहितो, मला यातलं वेड आहे. एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीची ती गाजलेली चित्रं रॉय क्रॉस या चित्रकाराची. ते १९६४ ला कंपनीकडे आले. आधी विमानांची तांत्रिक चित्रं काढायचे, त्यामुळं त्यांच्या चित्रात खिळा न् खिळा जागेवर असतो आणि तरीही विमान अंगावर येतं. पुढं त्याच चित्रांतले स्फोट आणि पडणारे बॉम्ब पुसून खोकी परत छापली, मुलांना युद्ध विकताय म्हणून टीका व्हायला लागली होती. ज्यांनी आधीची बघितली होती त्यांना नंतरची चित्रं ओकीबोकी वाटायची.

आणि एक गंमत. एअरफिक्सचं पहिलं मॉडेल विमान नव्हतंच. १९४९ ला त्यांनी फर्ग्युसन ट्रॅक्टर केला. तोही मुलांसाठी नाही, ट्रॅक्टर कंपनीच्या विक्रेत्यांना दाखवायला! पुढं सुटे भाग करून तो किट म्हणून विकला. म्हणजे हा छंद जाहिरातीच्या पोटातनंच जन्मला. स्पिटफायर आलं १९५० च्या दशकात, वूलवर्थच्या दुकानात दोन शिलिंगला, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर कागदाची पट्टी.

हुक्केरी_ऊस

थांबा थांबा. पहिला ट्रॅक्टर???? म्हणजे मूळ छंद आमचाच की 😄 आमच्या दारात मॅसी फर्ग्युसन आहे, आजोबांच्या काळातला, अजून गाळपाला ऊस ओढतोय. ह्याचं मॉडेल कुठं मिळतं ते सांगा कोणीतरी, आप्पांना वाढदिवसाला देतो. त्यांना ह्या जगात त्या ट्रॅक्टरपेक्षा प्रिय काही नाही, मी धरून.

निपाणीकर_७१

यंदा ऊसदर किती मिळाला तुमच्याकडे?

हुक्केरी_ऊस

तो विषय काढू नका, जेवण गोड लागू दे

उद्यमबाग_डाय

मी टूलरूमला ३४ वर्षं काढली, उद्यमबागेत. तुम्ही सगळे खोक्याबद्दल बोलालाय, मी आतल्या मालाबद्दल बोलतो.

ताई म्हणाल्या ना झाडाच्या फांद्या, त्याला आम्ही रनर म्हणतो. मशीनमध्ये पॉलिस्टायरीनचे दाणे दोनशे डिग्रीच्या आसपास वितळतात, तो रस दाबानं डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात जातो. ज्या वाटेनं जातो तो रनर, आणि ज्या बारीक तोंडातनं पार्टमध्ये शिरतो तो गेट. गेट जेवढा बारीक तेवढा पार्ट स्वच्छ सुटतो. खरं लई बारीक केला तर टोकापर्यंत माल पोचत नाही, पार्ट अर्धा येतो. हे सगळं पोलादात उलटं कोरायचं असतं. पंखावरची रेघ तुम्हाला उठलेली दिसते ती आम्ही खोल कोरलेली असते. तुम्हाला खोल दिसते तिथं आम्हाला आजूबाजूचं सगळं पोलाद खाली घ्यावं लागतं, म्हणून खोल रेघेची डाय महाग.

पहिलं किट मी १९८९ ला बघितलं. एक गिऱ्हाईक बादलीच्या कडीचं काम घेऊन आलं होतं, त्यांच्या पोराच्या हातात होतं. मी पोराला म्हटलं दे बघू. आणि मी कडीचं काम बाजूला ठेवून अर्धा तास तेच बघत बसलो. डायमधनं पार्ट बाहेर ढकलायला पिना असतात, त्यांचा गोल ठसा पार्टवर उमटतो. त्या माणसानं एकूण एक ठसा पंखाच्या आतल्या बाजूला घेतला होता. जोडल्यावर एकही दिसणार नाही. कुठला कोण, विलायतेतला, नाव माहीत नाही, खरं त्याचा हात मी ओळखला. असला माणूस माझ्या शेजारच्या बेंचला पाहिजे होता.

आमच्या पोरांचं किट म्हणजे कंगव्याचे आणि कपड्याच्या चिमट्यांचे रनर. शिफ्ट सुटली की खिशात घालून न्यायचो. त्याचं पोरी छप्पर करायच्या, पोरं अँटेना.

आणि एक ऐका, पार्ट रनरवरनं पिळून तोडू नका. नेलकटरनं कापा, थोडा लांबून. मग कानसपट्टी.

लोंढा_मीटरगेज

काका कसलं लिहिलंय तुम्ही. ‘त्याचा हात मी ओळखला’. परत परत वाचलं.

मला विमानाचं नाही, रेल्वेचं वेड. लोंढ्याला मीटरगेज होती तोवर रोज गाडी बघायला जायचो. नव्वदीत रूळ बदलले तेव्हा जुने स्लीपर कुणाकुणाच्या गोठ्यात लागले. माझ्याकडे त्याचा एक खिळा आहे. त्या वेळच्या आपल्या गाडीचं मॉडेल कुणी करतं का? परदेशातल्या गाड्यांची हजार मिळतात. आपली वायजी या वाफेच्या इंजिनवाली पाहिजे.

खानापूर_तांबडीमाती

लोंढ्याचे का तुम्ही! स्टेशनजवळ भजी मिळायची ती अजून मिळतात?

लोंढा_मीटरगेज

ताई मिळतात. तो माणूस गेला, त्याचा मुलगा करतो. चव तीच.

अनगोळ_आई

माझा अनुभव दुःखाचा आहे, चालेल ना.

खडेबाजारात एका दुकानात काचेच्या कपाटात एक खोका होता, विमानवाहू जहाजाचा. माझा धाकटा भाऊ शाळेतनं येताना रोज तिथं थांबायचा. दुकानदार हात लावू द्यायचा नाही, खोका उघडून तर नाहीच. किंमत ९५ रुपये. बाबांचा पगार तेव्हा नऊशे. भाऊ म्हणाला मी साठवतो. दिवाळीची ओवाळणी, आत्याचे दोन रुपये, मुंजीतले पाच. दीड वर्ष. चिल्लर घेऊन आम्ही दोघं गेलो. घरी येऊन उघडलं तर आतल्या पिशव्या आधीच फाडलेल्या, जहाजाचा अर्धा डेक नाही. परत नेलं तर दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत नाही.

भाऊ रडला नाही. त्यानं राहिलेला डेक पुठ्ठ्याचा केला. वहीच्या पुठ्ठ्यावर रेघा मारून, राखाडी रंग देऊन. विक्रांत नाव घातलं. लांबून कळायचं नाही. त्याचा हात तेव्हापासून बसला. आता तो बेंगळूरला आर्किटेक्ट आहे, पुठ्ठ्याची मॉडेलं स्वतः करतो, ज्युनिअर पोरांना करू देत नाही. ते जहाज त्याच्या ऑफिसात आहे. त्या कपाटाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं लटकतात.

दुसरं_गेट_टिळकवाडी

ताई, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

सांबरा_क्वार्टर्स

माझाही. पुठ्ठ्याचा डेक खऱ्या डेकपेक्षा भारी.

चिकोडी_ते_बेंगळूर

मी इथं सगळ्यात लहान दिसतोय, २७. मी बंडाई कंपनीचे गंडम रोबो जोडतो. त्यांना गोंदच लागत नाही, खटके असतात, रंगही प्लॅस्टिकमध्येच. जपानमध्ये १९८० पासून निघतात. आधी टीव्हीवर कार्टून, मग दुकानात त्याच रोबोचं किट. म्हणजे काका लोकांच्या वेळी मागचं पान होतं तसं आम्हाला अख्खं कार्टूनच जाहिरात. आमचे आप्पा आधी म्हणायचे, इंजिनिअर झालास आणि बाहुल्या खेळालास? मग एकदा गावाहून आले, गुडघ्याचा सांधा कसा वळतो ते बघितलं आणि चष्मा मागितला. रात्री दीडपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी आईला फोनवर म्हणाले, अगं ह्याचा गुडघा माझ्यापेक्षा चांगला हाय.

निपाणीकर_७१

😂😂 आप्पांना नमस्कार

मजगाव_रंगारी

गोंदाबद्दल कोणी लिहिलंच नाही. आमच्या वेळी फेव्हिकॉल लावून रात्रभर दोऱ्यानं बांधून ठेवायचो, सकाळी दोरा सोडला की पंख खाली. फेव्हिकॉल लाकडाला, कागदाला. पॉलिस्टायरीनमध्ये तो शिरतच नाही, वरच्यावर वाळतो. किटच्या खऱ्या गोंदात द्रावक असतं, ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. म्हणजे चिकटवणं नाही, जवळजवळ वेल्डिंगच. हे कळायला मला आठ वर्षं लागली. मधल्या काळात मी बहिणीच्या नेलपॉलिश रिमूव्हरनं एक पंख वितळवला. आणि काचेच्या भागाला फेव्हिक्विक कधीच लावू नका. त्याची वाफ बसते आणि काच आतून पांढरी धुरकट होते. माझ्या मिराज विमानाचा पायलट गेली वीस वर्षं धुक्यात आहे.

रंगाचंही तसंच. पोस्टर कलर वाळला की पापुद्रे. एनॅमलच पाहिजे. सायकलला द्यायचा तो छोटा डबा, रॉकेलनं जरा पातळ करून. हम्ब्रोलच्या त्या बोटभर डब्या आम्ही फक्त जाहिरातीत बघितल्या. नंबर पाठ होते, डबी नव्हती.

वडगाव_१९८०

दिवाळीतला किल्ला कोणी विसरू नका. आमचं खरं मॉडेल ते. गल्लीत दगडमाती, पोतं, वर अळीव पेरायचं, आणि खानापूरच्या मातीचे मावळे. आमच्या किल्ल्यावर बुरुजाशेजारी एक धावपट्टी होती आणि दादानं केलेलं पांढरं विमान. गल्लीतले आजोबा म्हणाले, महाराजांच्या गडावर विमान कुठलं? दादा म्हणाला, महाराजांनी आरमार केलं, आत्ता असते तर हे पण केलं असतं. आजोबांनी पहिला नंबर दिला.

खानापूर_तांबडीमाती

आमच्या मातीचे मावळे म्हटल्यावर मला बोलावंच लागतंय 🙂 मावळ्याच्या हातात भाला देताना तार ओली माती असतानाच खोचायची, भाजल्यावर नाही. बोला, कुणाकुणाचे भाले पडायचे?

वडगाव_१९८०

सगळ्यांचे 🙏

अनगोळ_आई

टिळकवाडी काका, त्या पत्राचं पुढं काय झालं? सकाळपासून वाट बघतेय. आलं का उत्तर?

दुसरं_गेट_टिळकवाडी

आलं. माफ करा, नातवाला बागेत न्यायचं होतं.

जूनमध्ये पाठवलं होतं, गणपतीच्या आधी आलं. वडिलांनीच सॉर्टिंगला पाहिलं, राणीचं तिकीट आणि वर माझं नाव. घरी येताना त्यांनी पाकीट सायकलच्या कॅरियरला नाही लावलं, शर्टाच्या आत ठेवलं, पाऊस होता. आत एक घडीचं माहितीपत्रक, रंगीत, आणि एका विमानाचं जोडणीचं नमुनापत्रक. एक ते चौदा आकडे, बाण, सुटे भाग.

मी म्हटलं, खरं किट तर नाही. वडील म्हणाले, नाही तर नाही, वाचू तरी. रोज रात्री एक पायरी. त्यांच्याजवळ एक जुना शब्दकोश होता. प्रत्येक इंग्रजी शब्दाशेजारी ते पेन्सिलीनं मराठी लिहायचे. फ्यूजलाज, विमानाचं धड. टेलप्लेन, शेपटीचे आडवे पंख. कॉकपिटचा अर्थ शब्दकोशात कोंबड्यांच्या झुंजीची जागा असा निघाला, तो त्यांना पटला नाही. खूप वेळ विचार करून त्यांनी लिहिलं, बसायची जागा. चौदा रात्री आम्ही ते विमान जोडलं. प्लॅस्टिकचा एक तुकडा नसताना. कुठला भाग कशात बसतो ते मी डोळे मिटून सांगायचो आणि ते बाणावर बोट ठेवून बरोबर म्हणायचे.

शेवटच्या पायरीला ट्रान्स्फर्स असा शब्द होता. पोस्टातला माणूस, त्यांनी लगेच लिहिलं, बदली. मग थांबले. विमानाची बदली जोडणीच्या कागदावर कशाला? पुढं प्रश्नचिन्ह केलं. ते प्रश्नचिन्ह तसंच राहिलं. वडील २००३ ला गेले.

आता जावयानं मिग-२१ चं किट आणलंय, १/७२. गेले दहा दिवस टेबलावर आहे. उघडलेलं नाही.

उद्यमबाग_डाय

साहेब, उघडा. नेलकटर घ्या. अडलं तर मला सांगा, उद्यमबागेतनं दुसऱ्या गेटला यायला वीस मिनिटं.

सांबरा_क्वार्टर्स

काका 🙏 माझ्याकडं बोलायला शब्द नाहीत.

मजगाव_रंगारी

गोंद माझ्याकडे आहे, खरा. देतो.

खानापूर_तांबडीमाती

काका, ते प्रश्नचिन्ह मी सोडवते. ट्रान्स्फर्स म्हणजे चिन्हांची पातळ चित्रं, कागदावर छापलेली. आता डेकल म्हणतात. कागद कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद ठेवायचा, बाहेर काढून बशीत मिनिटभर थांबायचं, मग ओल्या ब्रशनं चित्र कागदावरून पंखावर सरकवायचं. उचलायचं नाही, सरकवायचं. मग सुती कापडानं टिपायचं. आधी खाली चकचकीत रंगाचा हात द्या, नाहीतर कडेला चांदीसारखं दिसतं.

म्हणजे कागदावरून विमानावर बदलीच होते. तुमच्या बाबांनी बरोबर लिहिलं होतं.

अनगोळ_आई

आता मला कामावर रडू येतंय.

निपाणीकर_७१

रविवारी उद्यमबागवाले काका येणार असतील तर मी पण येऊ काय? निपाणीहून पहिल्या गाडीनं. बिनाकाचे दोन प्राणी आणतो, नातवाला.

दुसरं_गेट_टिळकवाडी

सगळे या. बायको म्हणतेय मांडे आणून ठेवते.

हुक्केरी_ऊस

मांडे असतील तर मी ट्रॅक्टर घेऊन येतो

दुसरं_गेट_टिळकवाडी

मंडळी, रविवार झाला. चारजण आले होते, नातू धरून पाच. डायवाल्या साहेबांनी रनर हातात धरून उजेडाकडं करून आधी दहा मिनिटं नुसता बघितला. गोंद मजगावहून आला. धड बंद करायच्या आधी नातवानं पायलट ठेवला. मी विचारलं, कुठं ठेवलास? म्हणाला, बसायच्या जागेत. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. का मीच कधी बोललो असेन, आठवत नाही.

रंग वाळायला तीन दिवस. काल रात्री ताईंनी सांगितल्याप्रमाणं बशीत कोमट पाणी घेतलं. जुनं पत्रक शेजारी उघडून ठेवलं होतं. गोल चिन्ह ब्रशनं सरकवलं, केशरी बाहेर, हिरवं आत. सरकताना ते एक क्षण अर्धं कागदावर आणि अर्धं पंखावर होतं.

मग पेन्सिल घेतली आणि ते प्रश्नचिन्ह खोडरबरानं पुसलं.

सांबरा_क्वार्टर्स

🙏🙏🙏

चिकोडी_ते_बेंगळूर

काका फोटो टाका ना प्लीज. दोन्हींचा, विमानाचा आणि पत्रकाचा.

लोंढा_मीटरगेज

वायजी इंजिनाचं कोणी बघितलं का? आणि रेल्वेचं पहिलं गेट आज बंद आहे का, दवाखान्यात जायचंय.

मजगाव_रंगारी

गेट उघडं आहे. आत्ताच आलो.